चाइल्ड प्रोसेस सुरू करणं सोपं, आवरणं अवघड (लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हीकडे)

माझी एक पायथन स्क्रिप्ट रात्री सर्व्हरवर व्हिडिओ कन्व्हर्ट करायची, आतून एफएफएमपेग या व्हिडिओच्या प्रोग्रामला हाक मारायची (एका प्रोग्रामने असा सुरू केलेला दुसरा प्रोग्राम म्हणजे त्याची चाइल्ड प्रोसेस, त्याचं पोर), दहा मिनिटांचा टाइमआउट लावलेला, सगळं कसं व्यवस्थित. एके सकाळी लॉगिन केलं तर सर्व्हर हलायला तयार नाही, टॉप (चालू प्रोसेस दाखवणारी कमांड) लावून बघतो तर एफएफएमपेगच्या एकोणीस प्रोसेस सीपीयू खात बसलेल्या आणि माझ्या लॉगमध्ये एकोणीस वेळा "टाइमआउट झाला, प्रोसेस मारली" असं छातीठोकपणे लिहिलेलं. मारली होती खरी, पण भलतीच. कमांडमध्ये दोन गोष्टी अँड-अँडने जोडलेल्या म्हणून मी शेल=ट्रू लावलं होतं (म्हणजे कमांड थेट न चालवता शेलकडून, टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामकडून, चालवायची), त्यामुळे मेला तो मधला शेल, आणि एफएफएमपेग हे त्या शेलचं पोर, म्हणजे माझं नातवंड, त्याला कुणी हातच लावला नव्हता.

तेव्हापासून चाइल्ड प्रोसेसचा कोड लिहिताना मी आधी ती बंद कशी करायची ते ठरवतो आणि मग सुरू करायच्या ओळीकडे वळतो. उदाहरणं पायथनच्या सबप्रोसेस मॉड्यूलची देतोय कारण ते तिन्हीकडे चालतं, पण नोड, गो, रस्ट काहीही वापरत असाल तरी खालचे खड्डे तेच आहेत. नावं देवनागरीत लिहितोय, एडिटरमध्ये ती इंग्रजीत टाइप करायची हे वेगळं सांगायला नको.

आधी खाली काय चालतं ते

लिनक्स आणि मॅकवर नवीन प्रोसेस दोन पायऱ्यांत जन्माला येते. फोर्क केलं की चालू प्रोसेसची हुबेहूब कॉपी तयार होते, आणि मजा म्हणजे फोर्क एकदा बोलावतो पण दोनदा परत येतो, पॅरेंटमध्ये (सुरू करणाऱ्या प्रोसेसमध्ये) पोराचा पीआयडी म्हणजे प्रोसेस नंबर घेऊन आणि पोरामध्ये शून्य घेऊन. मग पोर एक्झेक करतं आणि स्वतःच्या जागी नवीन प्रोग्राम लोड करून घेतं. या दोन पायऱ्यांच्या मधे जी फट असते ना, तिथेच सगळी तयारी होते, स्टडआउट (प्रोग्रामचं नेहमीचं आउटपुट) पाईपला (दोन प्रोसेसमधल्या नळीला) जोडणं, डिरेक्टरी बदलणं, वेगळा ग्रुप करणं वगैरे.

विंडोजला ही फटच नाही. तिथे क्रिएटप्रोसेस नावाचा एकच कॉल, लांबलचक पॅरामीटर घेणारा, त्यात सगळं आधीच सांगून टाकायचं. शिवाय तिथे पॅरेंट-चाइल्ड हे नातं जेमतेम आहे, पोराच्या नोंदीत पॅरेंटचा पीआयडी लिहिलेला असतो तेवढंच, पॅरेंट मेला तरी तो नंबर तसाच राहतो आणि पुढे भलत्याच प्रोसेसला तो मिळूही शकतो. लिनक्सवर अनाथ झालेली प्रोसेस पीआयडी १ कडे (सिस्टमच्या पहिल्या प्रोसेसकडे) दत्तक जाते, विंडोजवर कुणी दत्तक घेत नाही. हा फरक लक्षात ठेवा, मारायची वेळ येईल तेव्हा हाच नडतो.

कमांड द्यायची कशी

लिस्ट द्या. स्ट्रिंग देऊ नका, आणि शेल=ट्रू तर खरोखर शेलचीच गरज असल्याशिवाय लावू नका. लिस्ट दिली की फाइलच्या नावात स्पेस असो, कोट असो, सेमीकोलन असो, ते नाव एकच अर्ग्युमेंट म्हणून जातं, आणि यूजरने दिलेल्या नावातून कुणी भलतीच कमांड घुसवायचा प्रश्नही मिटतो.

अर्धवट काम करणारा एक प्रकार बऱ्याच ठिकाणी बघितलाय, तो म्हणजे लिस्ट पण द्यायची आणि शेल=ट्रू पण लावायचं. लिनक्सवर असं केलं तर लिस्टमधली फक्त पहिली वस्तू कमांड म्हणून चालते, बाकीच्या शेलचे स्वतःचे अर्ग्युमेंट होतात. म्हणजे ["एलएस", "-एल"] दिलं तर नुसतं एलएस चालतं, एरर नाही की काही नाही, आणि तुम्ही अर्धा तास विचार करत बसता की लांब लिस्ट का दिसत नाही. हाच कोड विंडोजवर वेगळा वागतो, तिथे सगळी लिस्ट जोडून एक स्ट्रिंग होते आणि चालते, त्यामुळे "माझ्या मशीनवर तर चालतंय" हे वाक्य ठरलेलं.

विंडोजवर आतून लिस्ट नावाचा प्रकारच नाही. क्रिएटप्रोसेसला एकच सलग स्ट्रिंग जाते, जास्तीत जास्त ३२,७६७ कॅरेक्टरची, आणि तिचे तुकडे करायचं काम ज्याचं त्याने करायचं, म्हणजे चालणारा प्रोग्राम स्वतः करतो. बहुतेक प्रोग्राम मायक्रोसॉफ्टच्या सी रनटाइमचे नियम पाळतात आणि पायथनही तुमची लिस्ट त्याच नियमांनी कोट करून देतं, त्यामुळे सहसा काही जाणवत नाही. पण सीएमडी डॉट ईएक्सईचे नियम निराळे, त्याची मर्यादाही निराळी, ८,१९१ कॅरेक्टर. आणि बॅच फाइल म्हणजे डॉट बॅट किंवा डॉट सीएमडी चालवली की तुम्ही शेल मागितला नसला तरी विंडोज मागच्या दाराने सीएमडीलाच बोलावतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये यावरूनच मोठा गोंधळ झाला होता, बॅच फाइलला दिलेल्या अर्ग्युमेंटमधून कमांड घुसवता येतेय हे बऱ्याच भाषांच्या बाबतीत उघड झालं, रस्टने १.७७.२ मध्ये दुरुस्ती केली आणि नोडने तर शेल न मागता बॅच फाइल स्पॉन करणंच बंद करून टाकलं. तेव्हा बाहेरून आलेला मजकूर बॅच फाइलला अर्ग्युमेंट म्हणून द्यायचाच नाही, फाइलमधून द्या नाहीतर स्टडइनवरून (प्रोग्रामच्या नेहमीच्या इनपुटवरून) द्या.

याच्याशीच जोडलेला रोजचा त्रास म्हणजे एनपीएम, नोडची पॅकेज इन्स्टॉल करणारी कमांड. लिनक्सवर ["एनपीएम", "इन्स्टॉल"] धावतं, विंडोजवर फाइलनॉटफाउंड येतं, आणि टर्मिनलमध्ये हाताने टाइप केलं तर मात्र चालतं! कारण विंडोजवर ती फाइल एनपीएम डॉट सीएमडी असते, आणि क्रिएटप्रोसेस एक्स्टेन्शन दिलं नसेल तर फक्त डॉट ईएक्सई लावून बघतं, बाकीची एक्स्टेन्शन शोधायचं काम शेल करतो. यावर उपाय म्हणजे आधी शटिल.व्हिच("एनपीएम") करून पूर्ण पाथ काढायचा आणि तो द्यायचा, तिन्हीकडे चालतं. तसंच आपलीच दुसरी पायथन स्क्रिप्ट चालवायची असेल तर "पायथन" किंवा "पायथन३" असं नाव लिहू नका, सिस.एक्झिक्युटेबल द्या, म्हणजे व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंटमधलं योग्य पायथन मिळतं, आणि विंडोजला स्क्रिप्टची शबँगची ओळ (कुठल्या प्रोग्रामने चालवायची ते सांगणारी पहिली ओळ) कळत नाही तो प्रश्नही सुटतो.

पाईप तुंबतो, आणि दोघं एकमेकांची वाट बघत बसतात

माझा सगळ्यात जास्त वेळ यात गेलाय म्हणून जरा सविस्तर सांगतो. त्याच व्हिडिओवाल्या स्क्रिप्टचं पहिलं व्हर्जन छोट्या फाइलवर झकास चालायचं आणि मोठ्या फाइलवर मधेच थिजायचं. सीपीयू शून्य, एरर नाही, प्रोसेस जिवंत. मी आधी एफएफएमपेगला शिव्या घातल्या, मग डिस्कला.

झालं काय होतं तर मी स्टडआउट आणि स्टडएरर (एरर आणि सूचनांचं वेगळं आउटपुट) दोन्ही पाईप केले होते आणि आधी स्टडआउट शेवटपर्यंत वाचत होतो, स्टडएरर नंतर वाचू म्हणून. एफएफएमपेग आपली सगळी बडबड, प्रोग्रेससकट, स्टडएररवर लिहितं. पाईप म्हणजे कर्नलमधली (ओएसच्या गाभ्यातली) छोटीशी टाकी, लिनक्सवर साधारण ६५,५३६ बाइटची. छोट्या फाइलची बडबड त्यात मावायची. मोठ्या फाइलला टाकी भरली, एफएफएमपेग "कुणीतरी वाचा मग पुढचं लिहितो" म्हणून थांबलं, आणि मी स्टडआउट संपायची वाट बघत थांबलो, जे एफएफएमपेग संपल्याशिवाय संपणार नाही. बसा आता दोघं.

हे टाळायचे मार्ग तीन आहेत. आउटपुट नकोच असेल तर डेव्हनलकडे (आलेलं सगळं फेकून देणाऱ्या जागेकडे) पाठवा, पाईप लावूच नका. दोन्ही आउटपुट एकत्र चालणार असतील तर स्टडएरर=स्टडआउट करून एकच पाईप ठेवा. आणि दोन्ही वेगळे हवे असतील तर सबप्रोसेसचं कम्युनिकेट वापरा, ते दोन्ही पाईप एकाच वेळी उपसत राहतं (विंडोजवर आतून थ्रेड लावून, कारण तिथे सिलेक्ट फक्त सॉकेटवर चालतं, पाईपवर नाही). पाईप लावून मग नुसतं वेट (पोर संपायची वाट बघणारा कॉल) करणं हा तर खात्रीचा फास आहे, तो लावू नका. कम्युनिकेट सगळं मेमरीत साठवतं, तेव्हा आउटपुट शेकडो एमबी असेल तर ते सरळ फाइलमध्ये वळवा, फाइल कधी तुंबत नाही. नोडवाल्यांनी एक्झेकची मॅक्सबफर मर्यादा लक्षात ठेवावी, नेहमीची १ एमबी असते, ओलांडली की पोर मारलं जातं, मोठ्या आउटपुटला स्पॉन वापरा.

स्टडइन सगळे विसरतात. तुम्ही काही सांगितलं नाही तर पोराला तुमचंच स्टडइन वारशात मिळतं. एफएफएमपेग तर स्टडइनवर कीबोर्डची वाट बघत असतं, क्यू दाबला की थांबायचं म्हणून, त्यामुळे शेलच्या लूपमध्ये फाइलींची यादी स्टडइनवरून वाचत असाल तर एफएफएमपेग त्या यादीतलीच अक्षरं खातं आणि दुसऱ्या फाइलचं नाव मुंडकं उडालेलं येतं. त्याला -नोस्टडइन द्यायचं, आणि एरवी कुठल्याही पोराला स्टडइन=डेव्हनल द्यायची सवय लावून घ्यायची. पासवर्ड विचारत गुपचूप बसून राहणाऱ्या प्रोसेसही याने लगेच एरर देऊन संपतात, अर्थात ज्या थेट टर्मिनल उघडून विचारतात त्या सोडून.

ओळी उशिरा का येतात

लाइव्ह प्रोग्रेस दाखवायचा म्हणून ओळ ओळ वाचायला घेता, आणि मिनिटभर काहीच येत नाही, मग एकदम शंभर ओळी येऊन आदळतात. तुमच्या वाचण्यात चूक नसते. सी लायब्ररीचं आउटपुट टर्मिनलवर जात असेल तर ओळ संपली की बाहेर पडतं, पण पाईपमध्ये जात असेल तर मोठा गठ्ठा जमेपर्यंत पोराच्या पोटातच राहतं. पॅरेंटमध्ये काहीही केलं तरी उपयोग नाही, पोरालाच सांगावं लागतं. पोर पायथन असेल तर -यू फ्लॅग द्या, लिनक्सवर सी प्रोग्राम असेल तर बऱ्याचदा एसटीडीबफ कमांडने काम होतं, बऱ्याच टूलना स्वतःचा लाइन-बफर्ड फ्लॅग असतो. यापैकी काहीच नसेल तर पोराला खोटं टर्मिनल म्हणजे पीटीवाय द्यायचं, पण मग ते रंगांचे कोड आणि प्रोग्रेस बारची नक्षीही पाठवायला लागतं, ती पुसत बसा.

मारायची कशी, नातवंडांसकट

लिनक्स-मॅकवर मारायचे दोन मुख्य सिग्नल. सिगटर्म म्हणजे "बाबा, आवरतं घे", प्रोग्राम तो पकडून टेम्पररी फाइली पुसून नीट बाहेर पडू शकतो, किंवा सरळ दुर्लक्ष करू शकतो. सिगकिल पकडताच येत नाही. म्हणून क्रम असा ठेवायचा की आधी सिगटर्म, मग पाच-दहा सेकंद थांबायचं, तरी जिवंत असेल तर सिगकिल, आणि शेवटी वेट करायचंच.

पण सिग्नल एका पीआयडीला जातो, त्याच्या पोरांना नाही, माझे एकोणीस एफएफएमपेग तिथेच वाचले. त्यासाठी पोराला सुरू करतानाच वेगळा ग्रुप द्यायचा:

पी = सबप्रोसेस.पोपेन(कमांड, स्टडइन=डेव्हनल, स्टडआउट=पाईप, स्टडएरर=स्टडआउट, स्टार्ट_न्यू_सेशन=ट्रू)

आणि मारताना ओएस.किलपीजी(पी.पीआयडी, सिगटर्म). नवीन सेशन झाल्यामुळे पोराचा पीआयडी हाच ग्रुपचा नंबर असतो आणि नातवंडं-पतवंडं सगळी त्याच ग्रुपमध्ये जन्मतात, त्यामुळे एका फटक्यात सगळ्यांना सिग्नल जातो. याची एक किंमत आहे, टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी दाबलं की तो सिग्नल आता पोरापर्यंत पोचत नाही कारण ते वेगळ्या सेशनमध्ये आहे, म्हणून आपल्या स्क्रिप्टमध्ये कीबोर्डइंटरप्ट पकडून किलपीजी आपणच करायचं. ट्राय-फायनली मध्ये टाका म्हणजे विसरणार नाही. एखादं आगाऊ नातवंड स्वतःच सेटसिड करून ग्रुपबाहेर पडलं तर ते सुटतं, डीमन बनणारे, म्हणजे पडद्यामागे चालत राहणारे, प्रोग्राम हेच करतात. लिनक्सवर त्यांना धरायचं तर सीग्रुप (कर्नल सांभाळतो असा प्रोसेसचा गट) लागतो, कर्नल ५.१४ पासून सीग्रुप.किल नावाच्या फाइलमध्ये १ लिहिलं की आतलं सगळं मरतं. रोजच्या कामाला मात्र ग्रुप पुरतो.

विंडोजवर सिगटर्म नाहीच. पायथनमध्ये टर्मिनेट आणि किल दोन्ही तिथे एकच काम करतात, टर्मिनेटप्रोसेस, म्हणजे सरळ गळा. आवरायला वेळ मिळत नाही, आणि नातवंडं अर्थातच शाबूत. सगळं झाड पाडायचे दोन रस्ते आहेत. टास्ककिल /टी /एफ /पीआयडी हा सोपा रस्ता, पण तो मगाशी सांगितलेल्या पॅरेंट पीआयडीच्या नोंदीवर चालतो, मधली एखादी प्रोसेस आधीच मेली असेल तर साखळी तुटते आणि खालची सापडत नाहीत. पक्का रस्ता म्हणजे जॉब ऑब्जेक्ट, विंडोजचा प्रोसेसचा गट. जॉब तयार करायचा, त्याला किल-ऑन-जॉब-क्लोज हा फ्लॅग लावायचा, पोराला त्यात टाकायचं, त्याची पुढची पिढी आपोआप त्यातच येते, आणि जॉबचं शेवटचं हँडल (प्रोग्रामने त्याला धरायचा दुवा) बंद झालं की विंडोज सगळ्यांना संपवतं. यातलं भारी काय तर तुमची स्वतःची स्क्रिप्ट क्रॅश झाली तरी तिचं हँडल बंद होतंच, म्हणजे साफसफाई फुकटात. विंडोज ८ पासून जॉबच्या आत जॉबही चालतात, त्याआधी एखाद्या टूलने तुम्हालाच जॉबमध्ये टाकलेलं असलं की अडचण यायची. सबप्रोसेसमध्ये हे तयार मिळत नाही, पायविन३२ किंवा सीटाइप्सने करावं लागतं, वीसेक ओळींचं काम आहे, एकदा करून ठेवा.

विंडोजवर नम्रपणे थांबवायचंच असेल तर क्रिएट_न्यू_प्रोसेस_ग्रुप हा फ्लॅग लावून सुरू करायचं आणि कंट्रोल_ब्रेक_इव्हेंट पाठवायचा. कंट्रोल-सी नाही, नवीन ग्रुपमध्ये ते बंद केलेलं असतं. हा इव्हेंट फक्त आपल्याच कन्सोलवर असलेल्या प्रोसेसना पोचतो, त्यामुळे कन्सोल नसलेल्या सर्व्हिसमधून पाठवत बसू नका. खरं सांगायचं तर पोर आपलंच असेल तर तिन्हीकडे सारखी चालणारी सगळ्यात साधी युक्ती स्टडइनची आहे, पोराचं स्टडइन पाईप ठेवायचं आणि पोराने ठरवायचं की स्टडइन बंद झालं की आपण आवरायचं. पॅरेंट कसाही मेला, सिगकिलने मेला तरी, पाईपचं त्याच्याकडचं टोक बंद होतंच आणि पोराला कळतं. एफएफएमपेगला तर स्टडइनवर क्यू अक्षर लिहून पाठवलं की ते फाइल नीट बंद करून बाहेर पडतं, विंडोजवरसुद्धा. मी आता तेच करतो (अर्थात तेव्हा -नोस्टडइन काढून).

लिनक्सवर पॅरेंट मेल्यावर पोराला सिग्नल पाठवायची पीआर_सेट_पीडेथसिग नावाची सोय आहे, मॅकवर नाही. वापरणार असाल तर एक गंमत माहीत असू द्या, तिथे पॅरेंट म्हणजे पॅरेंटमधला तो थ्रेड ज्याने फोर्क केलं. थ्रेड पूलमधून पोर सुरू केलं आणि तो थ्रेड संपला की पोर कारण नसताना मरतं.

टाइमआउटमध्येही प्लॅटफॉर्मचा फरक आहे. सबप्रोसेस.रन ला टाइमआउट=३० दिला आणि मधे शेल असला तर लिनक्सवर शेल मरतो, रन एक्सेप्शन देऊन परत येतं आणि नातवंड मागे चालत राहतं. विंडोजवर मात्र रन परतच येत नाही! पोराला मारल्यावर तिथे उरलेलं आउटपुट वाचायचा प्रयत्न होतो आणि पाईपचं दुसरं टोक नातवंडाच्या हातात उघडं असतं, ते संपेपर्यंत वाचणं संपत नाही. तीस सेकंदांचा टाइमआउट अर्ध्या तासाने परत आला तर शंका इथेच घ्या. लिनक्सवरही स्वतः पोपेन, किल, कम्युनिकेट असं लिहिलंत की हाच प्रकार होतो, म्हणून ग्रुप मारा, एकटं पोर नको.

झॉम्बी

पीएसमध्ये (प्रोसेसची यादी देणाऱ्या कमांडमध्ये) डिफंक्ट असं लिहिलेल्या प्रोसेस दिसल्या की लोक किल -९ मारत सुटतात. ती आधीच मेलेली आहे, अजून काय मारणार! पोर मेलं की त्याचा एक्झिट कोड पॅरेंटने वेट करून उचलेपर्यंत कर्नल तेवढी नोंद जपून ठेवतो, तो झॉम्बी. मेमरी खात नाही पण पीआयडी अडवतो, हजारो साठले की नवीन प्रोसेस सुरू होईना. इलाज पॅरेंटमध्ये आहे, प्रत्येक पोपेनला कुठेतरी वेट किंवा पोल झालंच पाहिजे, किंवा पॅरेंट बंद करा म्हणजे पीआयडी १ उरलेले झाडून घेतो. कंटेनरमध्ये मात्र पीआयडी १ म्हणजे तुमचंच ॲप असतं आणि त्याला झाडू मारायची सवय नसते, तिथे डॉकरला --इनिट द्या, मग टिनी नावाचा छोटा प्रोग्राम ते काम करतो. झॉम्बीचा एक फायदाही आहे बरं का, वेट होईपर्यंत तो पीआयडी दुसऱ्या कुणाला मिळत नाही, त्यामुळे सिग्नल चुकून परक्याला जात नाही. पीआयडी फाइलमध्ये लिहून ठेवून दुसऱ्या दिवशी त्यावर किल चालवणाऱ्यांना ही हमी नसते. विंडोजवर हेच काम उघडं हँडल करतं.

एक्झिट कोड वाचताना

शून्य म्हणजे ठीक, एवढं तिन्हीकडे सारखं. लिनक्स-मॅकवर कोड ० ते २५५ मध्येच बसतो, -१ दिलात तर २५५ दिसतो आणि २५६ दिलात तर शून्य, म्हणजे "किती एरर आल्या" तो आकडाच एक्झिट कोड म्हणून परत करणारी टेस्ट स्क्रिप्ट बरोबर २५६ एरर आल्यावर पास होते. सिग्नलने मेलं तर पायथन निगेटिव्ह नंबर देतं, -९, -१५, आणि शेल १२८ मिळवून सांगतो, म्हणून १३७ म्हणजे सिगकिल (कंटेनरमध्ये दिसला तर आधी मेमरी संपली का ते बघा), १४३ म्हणजे सिगटर्म, १३९ म्हणजे सेगफॉल्ट (प्रोग्रामने मेमरीत नको तिथे हात घातला). १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता येईना.

विंडोजवर कोड ३२ बिटचा. ३२२१२२५४७७ असा अगडबंब आकडा दिसला तर घाबरू नका, तो अ‍ॅक्सेस व्हायोलेशन, म्हणजे तिथला सेगफॉल्ट, काही ठिकाणी तोच -१०७३७४१८१९ दिसतो. पायथनच्या टर्मिनेटने मारलं तर कोड नुसता १ येतो, म्हणजे "मी मारलं" आणि "ते स्वतःच एरर देऊन मेलं" यात कोडवरून फरक कळत नाही, म्हणून आपण मारलं हे आपल्याच व्हेरिएबलमध्ये लिहून ठेवायचं. आणि आपल्या प्रोग्राममधून २५९ कधी परत करू नका, विंडोजमध्ये त्याचा अर्थ "अजून चालू आहे" असा होतो.

बारीकसारीक पण डोकं खाणारं

एनव्ह पॅरामीटर (पोराची एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल) दिला की जुनं एनव्हायर्नमेंट पूर्ण जातं, भर पडत नाही. दोन व्हेरिएबल घालायचे तर ओएस.एनव्हायरनची कॉपी घेऊन त्यात घाला, नाहीतर पाथ गायब होतो, आणि विंडोजवर सिस्टमरूट गेलं की काही प्रोग्राम सुरूच होत नाहीत. पाथमधल्या डिरेक्टरी लिनक्सवर कोलनने आणि विंडोजवर सेमीकोलनने वेगळ्या होतात, ओएस.पाथसेप वापरा. सीडब्ल्यूडी (पोर कुठल्या डिरेक्टरीत चालायचं ती) देत असाल तर प्रोग्रामचा पाथ पूर्ण द्या, अर्धवट पाथ कुठल्या डिरेक्टरीपासून धरायचा हे प्लॅटफॉर्मप्रमाणे बदलतं.

विंडोजवर जीयूआय ॲपमधून कमांड चालवली की काळी खिडकी चमकून जाते, क्रिएट_नो_विंडो फ्लॅग लावा. टेक्स्ट=ट्रू लावलंत तर एन्कोडिंग="यूटीएफ-८" आणि एरर्स="रिप्लेस" सोबत द्या, नाहीतर विंडोज स्वतःचं जुनं कोड पेज धरतं आणि देवनागरी नावाची एक फाइल आली की स्क्रिप्ट कोलमडते. पोरही पायथन असेल तर त्याच्या एनव्हायर्नमेंटमध्ये पायथनयूटीएफ८=१ घाला, म्हणजे ते लिहितानाच नीट लिहील.

थ्रेड चालू असताना फोर्क हा वेगळाच विषय आहे, थोडक्यात एवढंच की पोरात फक्त फोर्क करणारा थ्रेड येतो, बाकीच्या थ्रेडनी धरलेली लॉक मात्र धरलेलीच राहतात आणि पोर त्यांची वाट बघत बसतं. म्हणूनच पायथनच्या मल्टीप्रोसेसिंगने मॅकवर ३.८ पासून नेहमीची पद्धत स्पॉन (कॉपी न करता कोरी प्रोसेस सुरू करणं) केली आणि लिनक्सवर ३.१४ पासून फोर्कसर्व्हर. त्यामुळे मेनची ती नेहमीची इफवाली अट (इफ __नेम__ == "__मेन__") आता सगळीकडेच लिहा, विंडोजवर ती नसली की प्रत्येक पोर तुमचा मेन कोड पुन्हा चालवायला जातं. सबप्रोसेस वापरताना प्रीएक्झेक_एफएन टाळा, त्याच फटीत तुमचा पायथन कोड चालतो आणि हीच लॉकची भानगड होते.

हे सगळं टेस्ट करायला मी एक छोटी स्क्रिप्ट ठेवलीय, ती स्वतःचं एक पोर सुरू करते, सिगटर्मकडे दुर्लक्ष करते आणि स्टडएररवर दोन लाख बाइट ओतते. माझ्या रनरने तिला पाच सेकंदांचा टाइमआउट देऊन चालवायचं आणि वीस सेकंदांच्या आत दोघंही मेलेली असली पाहिजेत, तिन्ही ओएसवर. त्यातल्या नातवंडासाठी स्लीप कमांड वापरू नका, विंडोजवर ती नसते, आणि तिथली टाइमआउट कमांड स्टडइन वळवलेलं असलं की एरर देऊन लगेच बाहेर पडते आणि टेस्ट उगाच पास होते, मी त्यात फसलोय. सिस.एक्झिक्युटेबल ला -सी देऊन टाइम.स्लीप(६०) चालवा.